सृष्टीचं पिवळं झबलं

५ फेब्रुवारी

आले एकदाची सोलापूरला! रिक्षातून उतरते तो नात उंबऱ्यातच बसलेली, तोंडात स्वतःचाच पायमोजा. मला बघून मोजा काढला आणि म्हणाली, "ज्जी." 'आज्जी'तला 'आ' अजून यायचा आहे, पण मला तेवढंही पुरे. सृष्टीला परवा वर्ष झालं. डब्यातली पावडर बंद करून आता साधं दूध सुरू करा, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. एकदम नाही, रोज पावडर थोडी कमी, दूध थोडं जास्त. वैजयंती उद्या बँकेच्या ट्रेनिंगला पुण्याला जाते, जावई गुरु नोकरीसाठी हुबळीला, म्हणून हे काम माझ्याकडे. लेकीने सगळं दोनदा समजावलं. मी म्हटलं, बाई गं, तुलाही मीच वाढवलं आहे. त्यावर म्हणते कशी, म्हणून तर दोनदा सांगते!

जुळे सोलापूरच्या या टोकाला घरांमागे अजून ज्वारी उभी आहे. गच्चीवरून कणसं मोजता येतील इतकी जवळ. फार बरं वाटलं.

७ फेब्रुवारी

दूध मागच्या गोठ्यातलं. धोंडप्पा स्वतः चरवी घेऊन येतो, मला 'अव्वा' म्हणतो. पानी न्हाय घालत अव्वा, म्हस लई गुणाची हाय, असं पहिल्याच दिवशी ऐकवलं. तापवल्यावर वर बोटभर साय आली. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये मगातली साय गिळल्याशिवाय सिस्टर बाकावरून उठू देत नसत. ती गार, सुरकुतलेली, ओठाला चिकटणारी कातडी! पण ताप आला की उशाशी बसायच्या त्याही सिस्टरच. आता त्या नाहीत, बोर्डिंग नाही; साय तेवढी राहिली.

सृष्टीने बाटली संपवली. मग पातेल्यातली साय बोटांनी ओढून तोंडात कोंबली. मी तोंड फिरवलं.

१० फेब्रुवारी

तिला कडेवर घेऊन गोठा दाखवायला गेले. म्हशीपुढे रेडकू उभं होतं. बघ, बाळ बघ, म्हणत जवळ गेले तर त्याला डोळेच नव्हते.

धोंडप्पाच्या बायकोने, रत्नम्माने, सांगितलं. रेडकू संक्रांतीला मेलं. त्याचं कातडं काढून आत कडब्याचं भुसकट भरलं आणि शिवलं. ते चाटलं की म्हैस पान्हा सोडते. नाहीतर आचळाला हात लावू देत नाही. शिवणीतून मुंग्यांची रांग चालली होती. कुजका, गोडसर वास. म्हैस डोळे मिटून चाटत होती. मला किळस आली आणि तिची दयाही आली.

मग तिने मान वळवून सृष्टीचा हात कोपरापर्यंत चाटला. जाड, खरखरीत, लाळेने लोंबणारी जीभ. सृष्टी खिदळली. आणि कुणी हात न लावता आचळांतून दूध गळायला लागलं. आवडलं की तुमचं लेकरू तिला, म्हणून रत्नम्मा हसली. घरी येऊन मी तो हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतला.

१३ फेब्रुवारी

आज दूध आलं नाही. धोंडप्पा रिकाम्या हाताने आला. रेडकाच्या कातड्यात किडे पडले, म्हणून पुरलं. पोत्यात भुसकट भरून नवं केलं, पण म्हैस त्याला हुंगतही नाही. मग मान खाली घालून म्हणाला, बाळाचं एखादं न धुतलेलं झबलं द्याल का, तिला वास वळखीचा हाय.

इकडे सृष्टीने डब्याचं दूध थुंकलं, पिशवीचंही थुंकलं, रडून रडून निळी झाली. काल अंगात घातलेलं पिवळं झबलं दिलं. वैजयंतीच्या वेळी मीच शिवलेलं. जरा जीव तुटला. संध्याकाळी चरवी काठोकाठ भरून आली.

१५ फेब्रुवारी

पावडरचा डबा माळ्यावर टाकला. वैजयंतीला फोनवर सांगितलं, जमलं गं. तिने चक्क शाबासकी दिली.

एकच गोष्ट. सकाळी सृष्टीचे केस ओले होते, सगळे एकाच बाजूला चापून बसलेले. गालावर वाळलेला, चकाकणारा पापुद्रा. दारं-खिडक्या बंद होत्या. घाम असेल. पण वास गोठ्याचा.

१७ फेब्रुवारी

गाल सोलल्यासारखे लाल. डॉक्टर म्हणाले, लाळेने होतं, मलम दिलं. वजन उतरलंय. चालायला लागली की उतरतं, असंही म्हणाले. एवढं पिते, तरी कडेवर घेतली की रिकामी पिशवी उचलल्यासारखी वाटते.

दूध गाळलं तर गाळणीत काळे, राठ केस. ओतून द्यायला निघाले. सृष्टी वाटीकडे हात पसरून किंचाळत होती. दिलं.

१८ फेब्रुवारी

आज ती ओकली. दह्यासारख्या गाठी, आणि त्यात भुसकट. बोटांनी चिवडून पाहिलं. भुसकटच.

'ज्जी' म्हणत नाही. नुसतं तोंड उघडते. वैजयंतीला खरं सांगितलं. उद्या ट्रेनिंग संपलं की संध्याकाळच्या गाडीने निघते आहे.

१९ फेब्रुवारी

टाळूला तेल लावायला गेले. रोज तिथे बोटाखाली इवलंसं धडधडतं. आज नाही. जरा दाबलं तर आत — कुरकुरलं.

तशीच गोठ्यात धावले, झबलं परत आणायला. पोत्याला घातलेलं, लाळेने काळं, बुळबुळीत. हात लावला. गरम. पोत्याच्या डोक्यावर बोटं ठेवली. तिथे — धडधडत होतं.

आणि ते बोललं. "आज्जी." 'आ'सकट. सृष्टीच्या आवाजात. रत्नम्मा चरवी टाकून पळाली.

दुपारी

झबलं ओरबाडून आणलं. खाली उरलं ते नुसतं पोतं. ओलंच सृष्टीला घातलं. शी — माझे हात —

टाळू हलली! हलली.

चार वाजता

झबलं वाळतंय तशी धडधड मंद होतेय. पाणी लावलं — नाही. दूध लावलं — नाही. मीच चाटलं. केसांसकट, त्या चिकट घाणीसकट. सिस्टर, सगळं गिळलं — नाही.

म्हशीचीच जीभ लागते.

म्हैस दावं तोडून आलीय. दाराशी. दाराखालच्या फटीतून दूध आत येतंय, कोमट — पायाला लागलं — त्यावर साय धरतेय —

वैजयंतीची गाडी अजून —

सृष्टी दाराकडे बघते. तोंड उघडं, आत पिवळं भुसकट. बाहेर ती रेकते आहे. हळू. आईसारखी.

एक बोट टाळूवर. धडधड थांबतेय. वैजू, मी तरी काय — कडी काढते —