खेळातली किंकाळी

८ डिसेंबर २००५, गुरुवार
दुपारी लोडशेडिंग. कापडाचे सगळे लूम एकदम थांबले की आमच्या निजामपुऱ्यात कानाला दडे बसल्यासारखं होतं. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. खाली गलका. वाकून पाहिलं तर आई अनवाणी गल्लीत, दोन्ही हात पिठाचे, दिसेल त्याला विचारतेय, "माजी पोर कुटं हाय?" वरून हाक मारली. माझ्याकडे बघून मटकन खालीच बसली.
"तू वराडलीस. मना आयकू आला. कोन मारला तुला?"
मी तोंडही उघडलं नव्हतं.
तेवढ्यात पुन्हा आली ती किंकाळी. समोरच्या इम्रानच्या सायबर कॅफेतून. आवाज माझाच.

९ डिसें.
कॅफेत जाऊन आले. नवी सीडी आलीय. परक्या देशातलं धुळकट गाव, खेळणाऱ्याच्या हातात बंदूक. हत्यारवाल्यांना मारायचं, पण बाकीच्यांनाही मारता येतं, कोणी अडवत नाही. काळ्या झग्यातली एक बाई भिंतीआडून पळते. गोळी लागली की ओरडते. ती मी.
मागच्या वर्षी अंधेरीला देसाईच्या स्टुडिओत केलेलं काम. (कार्टूनच्या डबिंगची कामं मला देतो तोच.) दुपारभर मरायला लावलं होतं. गोळीने, जळून, उंचावरून पडून. गेम आहे हे माहीत होतं, परदेशी कंपनीचा. तो कोण खेळेल हा विचार मनाला शिवला नाही. माझ्याच दारासमोर, हे तर…
आईला समजावलं, रेकॉर्डिंग आहे, मी धडधाकट आहे. "बंद कर तो," म्हणाली. जेवली नाही.

११ डिसें., रवि.
रेकॉर्डिंगला देसाई सारखा म्हणत होता, "शुभा, हे नाटकातलं झालं. खरं दे." शेवटी दिलं. काचेपलीकडे तो हेडफोन काढून नुसता बसून राहिला होता.
ते खरं कुठून आणलं, हे मला तेव्हाच माहीत होतं.
मी दुसरीत होते. चौऱ्याऐंशीच्या दंगलीचे दिवस. शेजारच्या जुबेदाखालाच्या नवऱ्याला हातगाडीवरून आणलं, अंगावर लूमचं कोरं कापड टाकून. खाला दारात. आईने तिला कमरेला मिठी मारून धरलेली. मी जिन्यात. तेव्हाची ती किंकाळी. वर चढत गेली, मध्येच तुटली, मग खाली आली, कुणाला हाक मारावी तशी. इतकी वर्षं कानात होती. मी ती तिथे माइकसमोर जशीच्या तशी काढून दिली.
खाला अजून त्याच घरात राहते. आमच्या भिंतीला भिंत.

१४ डिसें., बुध.
लोडशेडिंग. लूम चालू असले की काही ऐकू येत नाही. वीज गेली की कॅफे इन्व्हर्टरवर चालतो, आणि मग सगळी गल्ली ऐकते.
खाला दारात खुर्ची टाकून बसली होती. मला थांबवलं.
"बेटी, ती बाई कोन हाय गं? रोज मारतात तिला."
म्हटलं, खेळ आहे खाला. कॉम्प्युटरमधला.
"खेल हाय ता मना कलतं. पर बाई कोन?"
वर आले. आईला विचारलं, तिने स्वतःची किंकाळी ओळखली असेल का? तव्यावरची भाकरी करपली.

१६ डिसें.
देसाईला फोन केला. किंकाळी कुणाची ते सांगितलं. तो आवाज गेममधून काढता येईल का? हसला नाही, एवढं बरं. "सीड्या कुठे कुठे पोचल्या शुभा. आता काय काढणार?" मग म्हणाला, "स्पर्धेच्या नाटकात विधवा केलीस. बक्षीस घेतलंस. तेव्हा कुणाचं रडणं आणलं होतंस?"
तेही थोडं खालाचंच होतं. पण तिथे माणसं अंधारात श्वास धरून बसली होती. एक बाई रडतेय एवढं तरी त्यांना कळत होतं. इथे एक जण समोसा खात खात…
लिहवत नाही.
फोन ठेवता ठेवता त्याने कामाचं काढलं. गेमचा दुसरा भाग येतोय. लहान मुलीचा आवाज हवाय. "तुझ्याशिवाय कोण करणार?" बघते म्हटलं. का म्हटलं?

१९ डिसें., सोम.
इम्रानशी बोलले. आवाज माझा, हे सांगितलं. आधी खूश. "क्या बात है दीदी! पोरांना सांगू?" मग माझं तोंड बघून हसू आवरलं. खालाचंही सांगितलं. तो दंगलीनंतर जन्मलेला, त्याला ऐकीव माहिती.
"दीदी, ही पोरं लूमवर रात्रपाळी करून येतात. शेठच्या शिव्या खाऊन. इथं तासभर खोट्या माणसाला मारतात, बाहेर कुणावर हात नाही टाकत. मैं किसको रोकूँ?"
त्याचं खोटं आहे असं म्हणवत नाही. विचारलं, पण त्या बाईला कशाला मारतात? तिला मारून काय मिळतं?
"मिळत काही नाही." मग जरा लाजून, "आवाज भारी आहे ना, म्हणून."
हे ऐकल्यापासून कशातच लक्ष नाही. नुसता आवाज ऐकायला मारतात. म्हणजे मी देसाईला खरं दिलं नसतं, खोटंच रेटलं असतं, तर तिला कोणी हात लावला नसता? वेड्यासारखं आहे हे. ती कोणीच नाही, हे मला कळतं.
इम्रानने स्पीकर काढले, हेडफोन लावले. भला आहे.

२३ डिसें., शुक्र.
लोडशेडिंगमध्ये गल्ली शांत. वाटलं, सुटले.
संध्याकाळी खाला आमच्याकडे आली. बसली. "ती बाई गप कशी झाली? मेली काय?"
मग राहवलंच नाही. सगळं सांगून टाकलं. की ती बाई मी आहे, आणि किंकाळी तुझी आहे खाला, न विचारता घेतली.
ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही.
"माजी? मी कवा वराडले? माज्या तोंडातून त्या दिशी आवाजच न्हाय आला. सगले सांगत होते, रड जुबेदा, रड. न्हाय आला."
आई म्हणाली, "वराडलीस तू. मी धरला होता तुला."
"न्हाय गं."
"मग कोन वराडला?"
आई मग माझ्याकडे वळली, "जिन्यात तू" एवढंच म्हणाली, आणि उठून आत गेली.
जाताना खाला म्हणाली, "मना एकदा जवलून आयकव."

२६ डिसें., सोम.
दुपारी नेलं तिला. कॅफे रिकामा. इम्रानने खुर्ची पुसली, ओढणीवरूनच खालाच्या कानांवर हेडफोन बसवले. गाव आलं, धूळ आली, भिंतीआडून बाई निघाली. पळाली. थांबून मागे बघितलं. पुन्हा पळाली.
"वराडत न्हाय ती," खाला जरा मोठ्याने म्हणाली.
इम्रान माझ्याकडे बघायला लागला. मी खाली वाकून तिला सांगितलं, "गोळी मारल्याशिवाय नाही ओरडत."
"मग मार."
इम्रानने माउस माझ्यापुढे सरकवला. मी हात मागे घेतला. तो म्हणाला, "मुझसे भी नहीं होगा, खाला के सामने." रोज शंभरदा बघणारा तो. शेवटी खालानेच हात ठेवला. बोट कुठे दाबायचं ते विचारलं. ठेवलं. बाई पळतच होती.
"हिला कोनी मारली न्हाय तं काय करते?"
"काही नाही खाला. पळतच राहते."
खालाने बोट उचललं. हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले. इम्रान बंद करायला गेला तर म्हणाली, "असू दे चालू."
दारापर्यंत माझा हात धरून आली. ऐकायचं होतं तिला, आणि ऐकलं नाही. आता तिला काय वाटतं ते मी विचारलं नाही.

२९ डिसें., गुरु.
देसाईचा फोन. मुलीचं रेकॉर्डिंग करणार की नाही, उद्या सांग, नाहीतर दुसरी बघतो. नाहीच म्हणायचं ठरवलं होतं. मग वाटलं, दुसरी तरी कुठून आणणार? तीही कुणाचं तरी आणेल. निदान मला माहीत तरी आहे की कुणाचं…
आई टेमघरला मावशीकडे गेलीय. लूम जोरात चालू. खिडकी लावून घेतली. फक्त बघायला, लहान मुलीचं येतं का. नाही आलं असं लिहायला आवडलं असतं. आलं. पहिल्याच दमात आलं, त्या जिन्यातूनच आल्यासारखं, कुठे शोधावं लागलं नाही, आणि थांबवायला गेले तेव्हा लगेच थांबलंही नाही. मधेच वीज गेली. लूम थांबले, मी थांबले नव्हते.
मग सगळं चिडीचूप.
भिंतीपलीकडून खालाचा आवाज. "कोन हाय गं? कोन वराडली?"
पुन्हा विचारतेय. मी अजून ओ दिलेली नाही.