अग्नी देणाऱ्याची रजा

सोम. ७ जानेवारी १९५७
सकाळपासून खळ नि कात्री. कारखान्यातल्या कामगारांच्या नियमपुस्तकाच्या (पुढे नुसतं नि.पु. लिहीन, बोटं गारठलीत) सगळ्या प्रतींत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डकवल्या. जेवणाची सुटी बाराऐवजी साडेअकराला, एवढंच. पानं फुगून पापड झालीत. मॅनेजर साहेब म्हणतात, पुस्तक नव्याने छापू, सगळं नीट लिहून काढा. चला, खळ सुटली.

दुपारी वाइंडिंग खात्यातला किसन आला. चिंचवड गावठाणातला, इथलाच. डोक्याचा चकोट. दहा दिवस गैरहजर, नुसता निरोप पाठवलेला. गेटवर आत सोडेनात म्हणून माझ्याकडे. चुलती वारली.

नि.पु. पान नऊ: मयतीची रजा आई, बाप, बायको, मुलं, भाऊ, बहीण यांच्यासाठी. तीन दिवस. चुलती त्यात नाही. आणि परवानगीशिवाय आठ दिवसांवर घरी राहिला की नाव कमी.

"म्हातारीला मूल न्हाई, बाळ न्हाई. म्या न्हाई तर अग्नी कोन देनार व्हतं?"

पान उघडून दाखवलं. त्याला वाचता येतं. वाचून पुस्तक मिटून परत दिलं. मला फार वाईट वाटलं.

मंगळ. ८
साहेबांशी बोललो. "सावंत, मागच्या वर्षीचं विसरलात? एक म्हातारा गेला आणि अर्धी शिफ्ट सुतक धरून घरी बसली. जो तो म्हणे पुतण्या. म्हणून तर यादी केली." खरं आहे. त्यांनी सांगितली, मी डकवली. गावात सगळ्यांचं आडनाव एक. सख्खा कोण, चुलत कोण, पुण्याहून येणाऱ्या माणसाने ओळखायचं कसं? साहेबांचंही चूक नाही. कोणाचंच चूक नसलं की माझी पंचाईत होते.

किसनचं नाव अजून कमी केलेलं नाही. नवं पान नऊ ठरेपर्यंत राखून ठेवलंय. चुलती त्यात बसली तर नोकरी राहिली, नाहीतर गेली. तोवर काम नाही, पगार नाही.

गुरु. १०
यादी वाढवून पाहिली. चुलता, चुलती, मामा, मामी, आत्या… तिसऱ्या ओळीत अख्खा मावळ आला. खोडलं.

खोडताना लक्षात आलं, मावशी लिहिलीच नव्हती. आई गेल्यावर मला वाढवलं तिने. देवरुखला एकटी असते, माझ्याशिवाय तिचं कोणी नाही. आणि मी यादी करतो ती तिला सोडून. धन्य.

शनि. १२
संध्याकाळी किसनच्या घरी. त्याच्या बायकोने गुळाचा चहा दिला. म्हटलं, भावकीतले बाकीचे?

"ते तिसऱ्या दिशीच कामाला ग्येले की. पन ज्यानं अग्नी दिला त्याला दहावा हुईस्तवर गावाची शीव वलांडता येत न्हाई, अन् कारखाना शिवंपल्याड. म्हातारीचा दिवा त्यानंच जपायचा."

असा एकच असतो?

"दोगं कसं आसतील, राव? मडकं एकाच्याच खांद्यावर."

खोलीवर येईपर्यंत डोक्यात तेच. नातं विचारायचंच कशाला? अग्नी कोणी दिला, एवढंच विचारावं. एका मयताला एक माणूस. शिफ्ट बंद पडायचा प्रश्नच नाही. किती दिवसांनी असं मोकळं वाटलं.

सोम. १४. संक्रांत
साहेबांना तिळगूळ दिला आणि त्याच हाताने मसुदा पुढे केला (मुद्दाम). "मयतास अग्नी देणाऱ्या कामगारास, नाते कोणतेही असो, दहाव्यापर्यंत रजा."

दोनदा वाचलं. "बरं सुचलं तुम्हाला." मी खूश. मग: "आणि ज्यांच्यात पुरतात, त्यांचं काय?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथल्या तिथे लिहिलं, "किंवा अंत्यविधी करणारा मुख्य माणूस". साहेब: "दाखला कोण देणार?" म्हटलं, पोलीस पाटील. "तो गावचाच. मागेल त्याला देईल." विचार करतो म्हणाले. कागद ड्रॉवरमध्ये.

शुक्र. १८
किसन रोज सकाळी भोंग्याला गेटाशी येऊन उभा राहतो. मी त्याच्या नजरेला नजर देत नाही. दाखल्याचं त्याला शिपायाकडून कळलं असावं. आज साहेब आत शिरताना त्याने टोपी काढली, डोकं वाकवलं.

"दाखला ह्यो बघा की, सायेब. हौस म्हनून कुनी भादरून घेतं व्हय?"

साहेब हसले नाहीत. बघत राहिले. "बघू," म्हणाले आणि आत गेले. वाटलं, आज सही होते. दिवसभर घंटीकडे कान. हाक आली नाही.

सोम. २८
छापखान्याचा माणूस बाकीची पानं घेऊन गेला. पान नऊ मागे ठेवलं. साहेब म्हणतात, नाही म्हणत नाही, पण वरच्यांना विचारायला हवं. वरचे मुंबईला. त्यांना किसन कोण, शीव म्हणजे काय, कोण सांगणार?

मावशीला कार्ड टाकलं. थंडी फार आहे, तब्येतीला जप, एवढंच. कारण लिहिलं नाही.

सुटल्यावर किसन भेटला. आज माझी वाट बघत थांबलेला. टोपी हातात. डोक्यावरून हात फिरवला. केस चिमटीत येतील एवढे झालेत. उद्या सकाळी त्याला घेऊन साहेबांपुढे जातो. आणखी आठवड्याने गेलो तर दाखवायला काही उरायचं नाही.