‘रजो’ वगळून

३ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
छापखान्याच्या मालकांनी बोलावलं. त्या वयात बायकांना त्रास होतो, मोठ्या कंपन्या त्यासाठी काहीतरी करतात म्हणे, आपणही करू, तुम्ही बघा म्हणाले. सत्तर माणसांत निवड माझी. हळवा स्वभाव लपत नाही.

४ फेब्रुवारी
मोबाइलवर विषय वाचला. चहा संपायच्या आत समजला. बायकोलाही समजावून सांगितला. ती म्हणाली, दोन वर्षं मी हेच भोगतेय, तुम्हाला आज कळलं का? म्हटलं, घरचं वेगळं, हे ऑफिसचं काम आहे. तिने भर थंडीत खिडकी उघडली. मी लावली. संकल्प: घरी हा विषय काढायचा नाही.

६ फेब्रुवारी
प्रूफवाल्या बाई केबिनमध्ये. वय एक्कावन्न, इथे सत्तावीस वर्षं. काना-मात्रा नजरेतून सुटत नाही. म्हणाल्या, अंगाची लाही लाही होते, घाम प्रूफावर टपकतो, लक्ष उडतं, चुका राहायला लागल्यात. नोकरी जाईल अशी भीती वाटते. टेबल खिडकीशी हलवा आणि टेबलफॅन द्या, बास. म्हटलं, धीर धरा, आधी योजना येऊ दे. टेबलफॅन ऑफिसात एकच आहे. माझ्या पायाशी.

१० फेब्रुवारी
नोटीस लिहिली. ‘रजोनिवृत्ती सहाय्य योजना’. पण असला शब्द भिंतीवर? मशीनवाले दात काढतील. ‘रजो’ वगळलं. ‘निवृत्ती सहाय्य योजना’. सुटसुटीत आणि सभ्य. प्रूफ बाईंकडे जायला हवं होतं, पण त्यांनाच संकोच वाटला असता. स्वतः दोनदा वाचलं. एकही चूक नाही.

१३ फेब्रुवारी
प्रतिसाद शून्य. बायका नोटीस वाचतात आणि पाय काढतात. यांचं भलं करायला जावं तर ही तऱ्हा. शेवटी बाईंना बोलावून योजनेत नाव नोंदवायची यादी पुढे सरकवली. त्यांनी विचारलं, वर नुसतं ‘निवृत्ती’ का? म्हटलं, बाई, इथे तरी चुका काढू नका, खिडकी हवी असेल तर सही करा. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. हॉर्मोन्स. सही केली. यादीत ‘योजनाप्रमुख’ असा रकाना नव्हता, म्हणून एक नंबरवर माझंच नाव, वय, सही. मालकांकडे रवाना.

२० फेब्रुवारी
मालकांच्या ऑफिसातून दोन पाकिटं. बाईंचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर, महिनाअखेरीस मोकळ्या. बाई पत्र धरून उभ्याच राहिल्या. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी आहेत म्हणाल्या. म्हटलं, घरी बसा आता, हव्या तेवढ्या खिडक्या उघडा. दुसरं पाकीट माझं. अभिनंदनाचं असणार. जेवण झाल्यावर सावकाश उघडू.

२० फेब्रुवारी, दुपारी २.१०
मीही मंजूर. कारकुनाचा गाढवपणा, दुसरं काय. मालक निस्तरतील.

२४ फेब्रुवारी
मशीनं बंद. मशीनवाले, बाइंडिंगच्या बायका, शिपाई, झाडून सगळे मालकांच्या दारात. बाईंनी माझी नोटीस मालकांपुढे ठेवली, लाल पेनाने ‘रजो’ घातलेली. मालकांच्या लगेच लक्षात आलं. बाईंचं पत्र तिथल्या तिथे फाडलं. टेबल खिडकीशी, टेबलफॅनसकट. मी विचारलं, आणि माझं पत्र? मालक म्हणाले, तुमच्यासाठी कोण आलंय? मी मागे वळून पाहिलं. सगळे कामावर परत गेले होते.

२५ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही आता दिवसभर घरी? उठून खिडकी उघडली. मी लावली नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
निरोप समारंभ. अकरा मिनिटं. कार्ड आपल्याच छापखान्यातलं. मजकूर मीच लिहून दिला होता, ‘आमच्या लाडक्या साहेबांना, जड अंतःकरणाने निरोप’. प्रूफ रीतसर बाईंकडे गेलं. छापून आलं, ‘साहेबांना निरोप’.
दोनदा वाचलं. एकही चूक नाही.