तिसऱ्या कडव्यातली शांतता

३ तारीख, सोमवार

संगणक पुन्हा अडकला! पडद्यावरचं चक्र गरगर फिरतंय आणि मी त्याच्यापुढे हात जोडून बसलोय.

शाळेतल्या मित्राने आमच्या वर्गाची जुनी टेप संगणकात भरून पाठवली. वर्षभरात कोणी कोणी म्हटलेल्या कविता! पण खरखर अशी की कोणी पत्र्यावर वाळू ओततंय. त्यातच कुठेतरी हिचा आवाज. खिडकीजवळच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली, नदीची कविता म्हणाली, आणि मी जो वाहून गेलो तो गेलोच.

ही म्हणते, "काहीतरीच तुमचं! तिसऱ्या कडव्याला अडले होते. सगळा वर्ग हसला. त्यानंतर चारचौघांत कधी ओळ म्हटली नाही मी."

अडली नव्हतीस, असं मी लग्नापासून सांगतोय. आता पुरावाच ऐकवतो!

५ तारीख, बुधवार

खरखर काढायच्या प्रोग्रामात दोन वाटा — झटपट आणि सखोल. सखोल लावली की आमचं यंत्र तापतं, पंखा घोंगावतो, सगळं बंद. म्हणून झटपट लावली. वाळू गेली. आवाज आला — तोच, कोवळा, जरा घाबरलेला! दुसरं कडवं संपलं आणि...

शांतता. मग हशा. मग कशीबशी पुढची ओळ.

ही म्हणाली, "बघा!" एवढंच. टोमणा नाही, काही नाही. उठून आत गेली.

कशाला गेलो मी पुरावा शोधायला?

६ तारीख, गुरुवार

दुरुस्तीवाला म्हणतो, सखोल वाट हवी तर तगडा प्रोसेसर घाला, सोबत आतला बोर्डही बदलावा लागेल. आकडा ऐकून मी दुकानातली खुर्ची घट्ट धरली. ते पैसे बाजूला ठेवलेले, हिच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी आरामखुर्ची घ्यायची म्हणून.

मुलगा फोनवर — "बाबा, बातम्या वाचायला एवढं? बैलगाडीला विमानाचं इंजिन!"

हसलो. पण खरंच, शांतता कितीही स्वच्छ केली तरी शांतताच ना? तगडं यंत्र काय, हसणारी पोरं जास्त स्पष्ट ऐकवेल.

७ तारीख

ही चहात साखर घालायला विसरली.

८ तारीख, शनिवार

दुरुस्तीवाला भला माणूस. "आजोबा, मी विकणारा, माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमचं काम आणा, माझ्या यंत्रावर चालवून बघा. फरक वाटला तर घ्या, नाहीतर चहा पिऊन घरी जा."

गेलो. त्याने सखोल लावली. मी मनातल्या मनात नदीची कविता म्हणायला घेतली — संपायच्या आत काम फत्ते! कानाला हेडफोन. तिसरं कडवं आलं. शांतता...

नाही! शांतता नव्हतीच ती! आत कोणीतरी कुजबुजत होतं — "पलीकडच्या काठावरती..." — एका पोराचा दबका, नाकातला आवाज. झटपट वाटेने तो बिचारा खरखर समजून पुसून टाकला होता! त्याने ओळ पुरवली, हिने उचलली, आणि मग अशी म्हटली, अशी म्हटली की शेवटी टाळ्या! त्या टाळ्याही झटपट वाटेने वाळूसोबत झाडून टाकल्या होत्या.

जिंकलो! दुकानात मीच टाळ्या वाजवल्या. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, बघू देत!

रस्ताभर एकच किडा डोक्यात. कोण तो पठ्ठ्या? हिच्यासाठी कुजबुजणारा? या वयात मी जळायला लागलो. लाज वाटली, तरी जळलोच.

९ तारीख, रविवार

सकाळी हिला बसवलं, दुकानातून साफ करून आणलेली कविता लावली, हेडफोन कानाला दिला. डोळे मिटून ऐकलं. कुजबुज आली तशी हिने माझा हात धरला. टाळ्यांपर्यंत सोडला नाही. मग परत ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

"खुर्ची राहू द्या," म्हणाली. "ते तगडं काय ते आणा. सगळी टेप ऐकायची मला."

मी म्हटलं, आणतो, पण तो मुलगा कोण ते ओळखलंस का?

हिने हेडफोन माझ्या कानाला लावला. "रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवतोस. याच नाकातून."

लग्नानंतर पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली.