दोनदा गेले म्हणून

८ जानेवारी
कडावच्या शाळेत दहावीकडून प्रश्नावली भरून घेतली. शाळेचा आधार किती वाटतो, पुढे काय व्हायचंय, हे माझे प्रश्न नीट मोजतात का, एवढंच तपासायचंय. चाळिशीनंतर का होईना, पीएच.डी.चं घोडं हललं एकदाचं. हेडसर वर्गात म्हणाले, "कॉलेजच्या मॅडम आल्यात, नीट लिहा, तुमचं भलं होईल." खटकलं. तेवढ्यात चहा आला, बोलायचं राहूनच गेलं.

३० जाने.
तीच मुलं, तेच प्रश्न, पुन्हा. उत्तरं साधारण तीच यायला हवीत. इथे तर सगळ्यांची वर चढलेली! 'शाळेतलं कोणीतरी माझ्या पुढच्या शिक्षणासाठी धडपडतं.' मागच्या वेळी बऱ्याच जणांचं 'नाही', आज झाडून सगळे 'हो'. पुढच्या बाकावरच्या सुजाताला विचारलं, कोण गं धडपडतं?
"तुमी की मॅडम. तुमी दोनदा आलात. आमच्यासाठी दुसरं कोन दोनदा येतंय?"
बॅग आवरली.

३१ जाने.
गाइड सरांना फोन. "ही शाळा वगळा, दुसरी बघा. एवढं जिवाला लावून घेऊ नका." अभ्यासापुरतं बरोबरच आहे त्यांचं. तरी राग आला. त्यांचा, की माझाच...

४ फेब्रु.
कर्जतच्या बाजारात सुजाताची आई. भाजी विकते. मला बघून, "मी सुजाताची आई" म्हणत मेथीच्या जुड्या पिशवीत कोंबल्या, पैसे घेईना. म्हणाली, नेरळची बहीण सुजाताला अकरावी सायन्सला घरी ठेवून घेणार होती. "मीच नको म्हनलं. म्हनलं, मॅडमनी पोरीचं नाव नर्सिंगला घातलंय, तुला कशाला तरास?" बहीण रुसली. आता नणंदेची मुलगी ठेवतेय म्हणे.
तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की बाई, मी कुणाचं नाव कुठे घातलेलं नाही, पोरीने माझ्या प्रश्नावलीत 'नर्स' लिहिलं एवढंच. गिऱ्हाईक उभं होतं, आणि मी... मेथी घेऊन घरी आले. शी!

५ फेब्रु.
ह्यांना म्हटलं, सुजाता आपल्याकडे राहू दे का? आपल्या दहिवलीहून कॉलेज जवळ. हे म्हणाले, "आणि बाकीचा वर्ग?"

७ फेब्रु.
कडावला सुजाताच्या घरी गेले. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. प्रवेश माझ्या हातात नाही, मी फक्त माझे प्रश्न तपासत होते. आईने ऐकून घेतलं. चिडली असती तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाली, "मंग माज्या पोरीला काय व्हायचंय ते इचारलंत कशाला?"
मी म्हणाले, रविवारी नेरळला जाते, तुमच्या बहिणीच्या हातापाया पडते. ती ऐकेल असं वाटत नाही. सुजाता लगेच चप्पल शोधायला लागली, जणू आत्ताच निघायचंय. "मी पन येते मॅडम."
नको म्हणवलं नाही.