अभ्यासाला बसलं की वीज जाते

४ ऑगस्ट
प्रश्नावली शेवटी माझ्याच गळ्यात पडली. आमच्या कॉलेजातल्या नर्सिंगच्या पोरी अभ्यासाने किती पिचल्यात ते मोजायचं — मूळ इंग्रजी, तिचं थाई भाषांतर आपण करायचं. विभागप्रमुख विलावनताई म्हणाल्या, "पंधरा तर वाक्यं आहेत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकेल." जेवण झालं. एक वाक्य झालं. तेही ताईंना आवडलं नाही.

७ ऑगस्ट
थाई तयार. आता मूळ न पाहिलेल्या माणसाने ती परत इंग्रजीत करायची, म्हणजे अर्थ कुठे सांडला ते कळतं. काम्पोल सरांना गाठलं — आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आता कोंबड्या पाळतात. "विषय काय?" म्हणाले. तो सांगायचा नसतो म्हटलं. रुसले.

९ ऑगस्ट
सरांचे कागद आले. पार थकून जाण्याला आम्ही रोजच्या बोलण्यातलं 'मोत फाय' वापरलं होतं — फाय संपली, म्हणजे आतली आग विझली. पण फाय म्हणजे वीजही! सरांनी केलंय: 'अभ्यासाला बसलं की आमच्याकडे वीज जाते.' खाली त्यांची टीप — 'ही तक्रार वीजवाल्यांकडे थाईतच करावी.'

ताई आधी हसल्या नाहीत. मग इतक्या हसल्या की चष्मा डब्यातल्या चिकट भातात पडला. "वाक्य बदल," चष्मा पुसत म्हणाल्या, "टीप मात्र मला दे."

१४ ऑगस्ट
नवं वाक्य: 'अभ्यासाने मनातली आग विझली.' आज चार मुलींना समोर बसवून चाचणी. वाचायचं, काय समजलं ते सांगायचं, उत्तर द्यायचं. चौघींची सगळी उत्तरं 'कधीच नाही'.

एकीला विचारलं, "रात्रपाळी करून वर्गात बसलं की दमायला होतं?"
"नाही बाई."
"कंटाळा?"
"तुमच्या तासाला? छे." हे म्हणताना तिला जांभई आली. ती तिने नाकातून सोडली.

चौघींतली नोइना तर विचारायलाच नको. "बाई, दमलेल्या तुम्हीच दिसताय. जेवलात का?" पिशवीतून तळलेली केळी काढली, मला खायला लावली. मग उरलेली वाक्यं ताईंच्या आवाजात वाचून दाखवली. हसता हसता मी नोंदी घ्यायच्याच विसरले.

१५ ऑगस्ट
ताईंना उत्तरं दाखवली. "भीड पडते गं," म्हणाल्या. "बाईंच्या तोंडावर कोण म्हणेल दमले म्हणून? तू माझ्यापाशी कधी म्हणालीस?"
"कधीच नाही," मी म्हणाले.
"दमतेस?"
"नाही ताई."
ताईंनी कॉफी मागवली.

ठरलं — पुढच्या वेळी कागदावर नाव नको आणि खोलीत बाई नको.

१८ ऑगस्ट
काम्पोल सर नव्या वाक्याचं इंग्रजी घेऊन स्वतः आले. आता सगळं बरोबर आलंय. रुसवा गेला. सहा अंडी दिली.

१९ ऑगस्ट
नोइना आली. दारातच उभी राहिली, खांद्यावर मोठी बॅग. आज कुणाचा आवाज काढला नाही. "बाई, त्या दिवशी मी सगळं खोटं सांगितलं." कॉलेज सोडून संध्याकाळच्या बसने घरी निघाली होती. टेबलावरच्या प्रश्नावल्या मी उचलून खाली ठेवल्या, तिला खुर्ची दिली.

बस गेली. ती अजून बोलत होती.