यादीतलं शेवटचं नाव

बाई, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली आणि मी आज दोह्यातल्या साइटवर, पोर्टा-केबिनमध्ये बसून तुम्हाला लिहितोय. वर्ल्ड कपसाठी इथे सगळीकडे बांधकामं चाललीत. माझ्या साइटवर उत्तर कोरियाची पोरं आहेत, विशी-बाविशीची. रांगेत येतात, रांगेत जातात, कुणाशी बोलत नाहीत. परवा उन्हात एकाची अवस्था बघवेना, म्हणून मी त्याला लबनची बाटली दिली. आपलं ताकच ते. तो प्यायला आणि हसला, बस्स. शेजारच्या पोराने खिशातून वही काढून काहीतरी टिपलं. दुसऱ्या दिवशी ताक प्यायलेला दिसला नाही. विचारलं तर त्यांचा दुभाष्या म्हणाला, "वो खलास, साहब. नया आदमी आएगा."

त्यांचा मुकादम वहीवाल्याची पाठ थोपटत होता आणि त्या पोराचा चेहरा असा उजळला होता, की मला त्याच्यावर रागावताच येईना. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता.

चौथीचा वर्ग. आणीबाणी चालू आहे. प्रार्थनेनंतर शिस्तीच्या घोषणा द्यायच्या, आणि मी मॉनिटर. गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची सवय होतीच. हेडमास्तर म्हणाले, "आता घोषणा न देणाऱ्यांची लिही. कागदावर. थेट मला आणून दे, देशाचं काम आहे." नऊ वर्षांचा मी, नुसता फुगलो. तीन मुलांची नावं लिहिली. मग बघतो तर तुमचेही ओठ मिटलेले. मी खाली तुमचंही नाव लिहिलं, बाई.

पंधरवड्यात तुमची बदली झाली, पार घाटाखाली. निघायच्या दिवशी तुम्ही मला जवळ बोलावून तुमचं शाईचं पेन माझ्या खिशाला लावलंत. "अक्षर छान आहे हो तुझं. जप," म्हणालात. तो कागद तुम्ही पाहिला होता का? निवृत्तीनंतर तुम्ही पुण्यात होतात. सुट्टीवर आलो की तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायचो आणि मागे फिरायचो.

आज त्या वहीवाल्याशेजारी जाऊन बसलो. तो अंग चोरून सरकला. त्याला तुमच्याबद्दल सांगावंसं फार वाटलं, पण भाषा नव्हती.

हे पत्र कुठे पाठवणार? एवढं मात्र कबूल करतो. त्या यादीतली तीन नावं मी घाईत खरडली होती. तुमचं सावकाश लिहिलं, तुम्ही शिकवलेल्या वळणात, तुम्हाला आवडेल असं.